छोट्या धंद्याचा हिशेब: मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, कसे पारखावे

मार्च जवळ आला की पालक शाळेत फक्त मुलांच्या निकालाची चौकशी करायला येत नाहीत. "पोरगं कॉम्प्युटर शिकलंय, दुकानाचा हिशेब त्याच्याकडे द्यावा म्हणतो. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? पैसे न लागणारं सांगा." हा प्रश्न आम्हाला दरवर्षी ऐकू येतो. विचारणारा कुणी बेकरीवाला असतो, कुणाचे हार्डवेअरचे दुकान, कुणाचे गॅरेज, कुणाचे चार यंत्रमाग. उत्तर एका नावात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती धंद्यांचा हिशेब अजून एका माणसाच्या डोक्यात असतो. अब्बांना तोंडपाठ असते की कुणाकडून किती येणे आणि कुणाला किती देणे. ते आजारी पडले की गाडी अडते. इंतकाल झाला तर आणखी कठीण होते. वारसांत वाटणी करण्याआधी मयताचे कर्ज फेडणे शरीअतने लाजिम केले आहे, पण कर्ज किती हेच कुणाला ठाऊक नसते. वसुलीची उधारी बुडते ती वेगळीच. भाऊ-भाऊ एका दुकानात असतील आणि कुणी किती पैसे उचलले याची नोंद नसेल, तर दहा वर्षांनी त्याचे काय होते हे प्रत्येक मोहल्ल्याने पाहिले आहे. हिशेब लिहिणे हे आयकरवाल्यांसाठी नाही, आधी घरासाठी आहे.

मोफत वेगळे, मुक्त वेगळे

फुकट मिळते ते सगळे सारखे नसते. काही सॉफ्टवेअर कंपन्या मोफत देतात, पण आतली रचना म्हणजे सोर्स कोड बंद ठेवतात. उद्या कंपनीने पैसे मागितले, किंवा ॲप बंद केले, तर आपला डेटा तिच्या दारात अडकतो. मॅनेजर नावाचे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरायला मोफत आहे आणि चांगलेही आहे, पण मुक्त नाही. फोनवरची बहुतेक उधारीची ॲप्सही याच प्रकारची.

मुक्त म्हणजे ओपन सोर्स. त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि ही परवानगी लायसन्समध्ये लिहिलेली असते. बनवणाऱ्याने उद्या हात काढून घेतला तरी आपल्याकडची प्रत चालू राहते आणि दुसरे कुणी ती पुढे नेऊ शकते. मात्र लायसन्स वाचून घ्यावे. अकाउंटिंग नावाचे एक वेब सॉफ्टवेअर (स्पेलिंगमध्ये सी ऐवजी के) आधी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली होते, पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते बदलून मर्यादा असलेले लायसन्स लावले. जुन्या लेखांत आणि व्हिडिओत ते अजून ओपन सोर्सच म्हणून सांगितले जाते.

आणि तिसरा प्रकार, ज्याला आपले लोक बिनधास्त मोफत म्हणतात: पेनड्राइव्हवरून आणलेली विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी. ती मोफत नाही, चोरीची आहे. तिच्यासोबत व्हायरस येतो, अपडेट मिळत नाही आणि जीएसटीचा दर बदलला की कुणाला विचारायची सोय नसते. हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या वहीत लिहिण्यात काय अर्थ आहे, एवढेच आम्ही विचारतो. मुक्त सॉफ्टवेअर असताना याची गरज उरत नाही.

आधी वही, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअरमधले इंग्रजी शब्द बघून घाबरायचे कारण नाही. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द, लेजर म्हणजे खातेवही, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. ड्रॉइंग्ज म्हणजे मालकाने किंवा भागीदाराने घरखर्चासाठी घेतलेली उचल. अकरावी-बारावी कॉमर्सला पुस्तपालन शिकलेली मुलगी घरात असेल तर तिला हे सगळे माहीत असते. आपण तिला विचारत नाही, बाहेरच्या ऑपरेटरला महिन्याला पैसे देतो.

चांगल्या सॉफ्टवेअरची पहिली खूण म्हणजे दुहेरी नोंद. 12,000 रुपयांचा माल उधारीवर विकला तर विक्री खाते 12,000 ने जमा आणि गिऱ्हाइकाचे खाते 12,000 ने नावे, दोन्ही एकाच वेळी झाले पाहिजे. जे फक्त "आले-गेले" लिहिते ते रोकड वही आहे. तेवढीच गरज असेल तर सॉफ्टवेअर घ्यायचेच कशाला? भाजीच्या गाडीला किंवा घरच्या शिवणकामाला लिब्रेऑफिस कॅल्कची एक शीट पुरते. तेही मुक्त आहे, आणि त्याचा मेनू मराठीत करता येतो.

कोणते पर्याय आहेत

ज्यांना बिले काढायची आहेत, माल मोजायचा आहे आणि एकाच कॉम्प्युटरवर काम आहे त्यांना आम्ही आधी फ्रॅपे बुक्स बघायला सांगतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेले, एजीपीएल लायसन्सचे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालते, इंटरनेट लागत नाही, सगळा हिशेब आपल्याच कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये राहतो. सुरुवातीला देश भारत निवडला की इथली खात्यांची यादी आणि जीएसटीची रचना तयार मिळते. विक्री बिल, खरेदी बिल, पावती, स्टॉक, काउंटरवरची विक्री, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक हे सगळे आहे. जीएसटीआर-1 साठी लागणारी माहिती रिपोर्टमधून काढता येते. यात एक गोष्ट आम्हाला विशेष आवडते. बिल एकदा सबमिट केले की खोडता येत नाही, रद्द करून नवीन काढावे लागते. लिहिणाऱ्याला सुरुवातीला जाच वाटतो, पण काउंटरवर तीन माणसे बसत असतील तर मालकाला याच जाचाने रात्री झोप लागते. उणीव अशी की हा प्रकल्प लहान आहे. अडचण आली तर फोन उचलणारा कुणी नाही, आणि शेजारच्या दुकानात हेच वापरणारा भेटेल याची शक्यता कमी.

ग्नूकॅश हा जुना माणूस आहे. 1998 पासून आहे, जीपीएल लायसन्सवर, जगभर वापरले जाते. नाव शोधताना जी, एन, यू आणि पुढे कॅश असे लिहावे. हिशेबाचा गाभा पक्का आहे: खात्याखाली खाते, त्याखाली आणखी खाते, हवे तेवढे. खात्यांची नावे मराठीत किंवा उर्दूत लिहिता येतात. मेनूचे मराठी आणि उर्दू भाषांतरही आहे, मात्र ते सगळीकडे पूर्ण नाही, मधेच इंग्रजी दिसते. गिऱ्हाईक, पुरवठादार, बिले आणि थकबाकी यांची सोय आहे. कुणाची उधारी 30 दिवसांच्या आतली, कुणाची 60, कुणाची 90 च्या पुढे गेली हे एका रिपोर्टमध्ये दिसते. उधारीवर चालणाऱ्या धंद्याला हा एकच रिपोर्ट पुरेसा कामाचा आहे. बँकेकडून मिळालेले सीएसव्ही स्टेटमेंट आत घेता येते.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. ग्नूकॅशमध्ये मालाचा साठा मोजण्याची सोय नाही, म्हणून किराणा किंवा हार्डवेअरला ते अपुरे पडते. दोन माणसे एकाच वेळी एका वहीवर काम करू शकत नाहीत. आणि भारतीय जीएसटीची तयार रचना त्यात नाही. सीजीएसटी, एसजीएसटीची खाती आपणच बनवावी लागतात. त्यामुळे आमच्या मते ग्नूकॅश सेवा देणाऱ्यांना बरे: इलेक्ट्रिशियन, क्लासेस, डेकोरेशनवाले, अनुवादक, दवाखाना. मोहल्ल्यातल्या छोट्या संस्थेचा देणगी-खर्चही यात नीट राहतो. एक बारीक सूचना: स्तंभांची नावे वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळी दिसून गोंधळ होत असेल तर सेटिंगमध्ये औपचारिक लेबले चालू करा, मग सगळीकडे डेबिट-क्रेडिट दिसते.

ईआरपीनेक्स्ट हे फ्रॅपेचेच मोठे भावंड. कंपनीचे संस्थापक रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा, त्यासाठी ईआरपी सॉफ्टवेअर बसवण्याच्या खटपटीतून हे पुढे आले. लायसन्स जीपीएल. खरेदी, विक्री, गोदाम, उत्पादन असा सगळा कारखाना त्यात बसतो. भारतातल्या जीएसटी, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिलासाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचे वेगळे मुक्त ॲप त्याला जोडतात. वीस-पंचवीस कामगार, दोन गोदामे असा पसारा असेल तर जरूर बघा. पण ते सर्व्हरवर चालते. तो बसवायला आणि सांभाळायला लिनक्स जाणणारा माणूस लागतो, नाहीतर महिन्याचे भाडे देऊन होस्टिंग घ्यावे लागते. सॉफ्टवेअर फुकट, पण सांभाळणे फुकट नाही. एका काउंटरच्या दुकानाला हे म्हणजे टेम्पोचे काम असताना ट्रेलर घेणे.

जीएनयूखाता हे नाव अनेकांनी ऐकले असेल. भारतातच, इथल्या हिशेब पद्धतीसाठी आणि जीएसटीसाठी बनवलेले. त्यामागे कृष्णकांत माने हे दृष्टिहीन प्रोग्रामर होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल मालिकेत त्याचे धडे आहेत, शिकायला उत्तम. रोजच्या धंद्यासाठी घेण्याआधी मात्र शेवटची आवृत्ती कधी आली ती तारीख बघा. हा नियम सगळ्यांनाच लावा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दर हाताने बदलता येत होते त्याचे काम दुसऱ्या दिवशी चालू होते.

कायदा काय मागतो

याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. तुमचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून नियम आहे की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असलीच पाहिजे: कोणती नोंद कधी बदलली याचा लॉग, आणि तो बंद करता येता कामा नये. एक सदस्याची कंपनीसुद्धा यात येते. ग्नूकॅशमध्ये जुनी नोंद उघडून बदलता येते, म्हणून कंपनीने ते घेऊ नये. ईआरपीनेक्स्टमध्ये इंडिया कम्प्लायन्ससोबत ही सोय मिळते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा धंदा एकमालकी किंवा भागीदारीचा असतो, त्यांना कंपन्यांचा हा नियम लागू नाही. पण थांबा. जीएसटीचा नियम 56 सांगतो की वहीतली नोंद खोडायची नाही, आणि हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. म्हणजे जीएसटी नंबर आहे त्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारायचाच. वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब सांभाळून ठेवणेही बंधनकारक आहे. सहा वर्षांनी ती फाइल उघडली पाहिजे, यासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा खरा फायदा होतो: जुनी आवृत्ती उतरवून बसवता येते, कुणाचे लायसन्स संपलेले नसते.

नंबर कुणाला लागतो? महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाच्या 40 लाख उलाढालीनंतर, सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतर. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला बिलावर कर लावता येत नाही, त्याच्या कागदावर बिल ऑफ सप्लाय असे शीर्षक लागते. सॉफ्टवेअरमध्ये ते शीर्षक बदलता येते का बघा. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस लागते. अशा धंद्याने हा लेख वाचून निर्णय घेऊ नये, सीएकडे बसावे.

सीएचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक कर सल्लागारांच्या ऑफिसात टॅलीच असते. "आम्हाला टॅलीचा डेटा द्या" असे ते म्हणतील. त्यांच्याशी भांडू नका. नेमके काय लागते ते विचारा. बहुतेकांना तेरीज, खातेवही, विक्री-खरेदीची यादी आणि बँकेचा मेळ एवढे एक्सेलमध्ये मिळाले की पुरते. ते बिलकुल तयार नसतील आणि दुसरा सल्लागार जवळ नसेल, तर पैसे भरून टॅलीचे अधिकृत लायसन्स घेणे हाच शहाणपणा. मुक्त सॉफ्टवेअरच्या हट्टापायी रिटर्न उशिरा गेले तर लेट फी आपल्यालाच भरायची आहे.

एक आठवडा पारखा

डाउनलोड फक्त मूळ वेबसाइटवरूनच करा. शोधल्यावर वर जाहिरातीत दिसते ते नेहमी खरे नसते. मग खोट्या नावाची एक कंपनी बनवून त्यात आपल्या धंद्यातले खरे प्रसंग भरून बघा. गावातल्या गिऱ्हाइकाला 10,000 चे बिल, 18 टक्क्यांनी: सीजीएसटी 900, एसजीएसटी 900 असे सुटे आले पाहिजे. तेच बिल सुरतच्या व्यापाऱ्याला: आता आयजीएसटी 1,800 हवा. त्यातला 2,000 चा माल परत आला, त्याची क्रेडिट नोट. गिऱ्हाइकाने अर्धेच पैसे दिले, तेही थोडे रोख आणि थोडे यूपीआयने. भावाने गल्ल्यातून 500 घेतले, ते खर्चात न जाता त्याच्या उचलीत गेले पाहिजेत. शेवटी सगळी खाती एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढा आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. ही शेवटची परीक्षा नापास झाली तर बाकीचे गुण मोजू नका. हिशेब ही अमानत आहे, ती परत मिळाली पाहिजे.

हे सगळे रोज जो लिहिणार त्याच्या हातून करून घ्या. घरातला सगळ्यात हुशार मुलगा सॉफ्टवेअर निवडतो आणि पुण्याला नोकरीला निघून जातो, मागे राहिलेल्या चाचांना साधे बिल काढता येत नाही, असे होऊ देऊ नका.

जकात आणि व्याजाचे खाते

जकातीचे वर्ष चंद्राचे, सुमारे 354 दिवसांचे, आणि हिशेबाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. म्हणून कोणत्याही तारखेचा ताळेबंद काढता येणारे सॉफ्टवेअर हवे. वर उल्लेखलेल्या चारही ठिकाणी तारीख आपण देऊ शकतो. तुमची जकातीची तारीख 1 रमजान असेल तर त्या दिवशीची इंग्रजी तारीख टाका. रोकड, बँक, विक्रीचा माल आणि मिळण्यासारखी येणी एका बाजूला दिसतात, देणी दुसऱ्या बाजूला. दुकानाचे फर्निचर, माग, मशीन यांची खाती वेगळी ठेवली असतील तर ती बाजूला काढणे सोपे जाते, कारण त्यांवर जकात नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. सॉफ्टवेअर मालाची किंमत खरेदीच्या भावाने दाखवते, तर बहुतेक उलमा त्या दिवसाचा बाजारभाव धरायला सांगतात. तेव्हा यादी छापून भाव हाताने लावा, मग अडीच टक्के काढा. बुडीत उधारी आणि लांब मुदतीचे कर्ज कसे धरायचे ते आपल्या मुफ्तींना विचारा, सॉफ्टवेअरला नाही.

बचत खात्यावर बँक टाकते त्या व्याजासाठी पहिल्याच दिवशी वेगळे खाते उघडा. धंद्याच्या उत्पन्नात ते एकदा मिसळले की वर्षाअखेरी निवडून काढणे जिकिरीचे होते. आयकरात मात्र ते दाखवावेच लागते, हे विसरू नका.

सुरुवात कधी करावी

1 एप्रिलला. जुन्या वर्षांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसू नका, त्यात दोन महिने जातात आणि उत्साहही जातो. 31 मार्चची रोकड मोजा, बँकेची शिल्लक घ्या, माल मोजा, प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारी त्याला दाखवून कबूल करून घ्या. हे आकडे आरंभीची शिल्लक म्हणून टाका. पहिले तीन महिने कागदी वहीही चालू ठेवा आणि दर जुमेरातला दोन्हीकडची रोकड जुळवा. बॅकअप आठवड्यातून दोनदा घ्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक घरी दुसऱ्या ठिकाणी, दुकानाच्या त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको. आग लागली किंवा पावसाचे पाणी शिरले तर कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह दोन्ही एकदमच जातात. आणि पासवर्ड एका बंद पाकिटात घालून घरातल्या बाईमाणसाकडे द्या, कोणत्या फाइलचा आहे ते वर लिहून.